न विचारता सांगितलेली गोष्ट

मी एक जुने पुस्तक आहे, पण गोष्टींचे नाही. माझ्यात राजा नाही, राणी नाही, चित्रे तर मुळीच नाहीत. समाजकार्याचे शिक्षण घ्यायला निघालेल्या मुलामुलींनी कॉलेज सुरू होण्याआधी मला वाचावे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने जाणार असेल तर जरा जवळ बसा. मला एक घडलेली हकिकत सांगायची आहे. तसे काही आठवले की माणसे मान खाली घालतात. मला मान नाही, म्हणून मला पाने मिटून घ्यावीशी वाटतात.

मला लिहिणाऱ्या बाई नागपूरच्या. त्यांनी अर्धे आयुष्य दवाखान्यांत आणि वस्त्यांत काढले होते. नवी मुले वस्तीत जातात तेव्हा उंबऱ्यातूनच प्रश्नांची सरबत्ती सुरू करतात, पाणी पुढे केले तर पेल्याकडे आधी निरखून पाहतात. हे पाहून पाहून बाई थकल्या आणि शेवटी लिहायला बसल्या. महाल भागातल्या एका लहानशा छापखान्यात माझे खिळे जुळले. खिळे जुळवणारा माणूस ओळी वाचत वाचतच काम करायचा. एकदा तो बाईंना म्हणाला, "बाई, हे पुस्तक माह्या सोयऱ्यायलेही वाचाले द्या. त्यायलेही दुसऱ्याच्या घरी कसं बसाव ते समजत नाई." बाई खूप हसल्या. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मध्य प्रदेशातल्या सौंसरला मला श्रीधर गुरुजींनी आणले. ते शाळेत शिकवत आणि संध्याकाळी गावचे वाचनालय उघडत. नागपूरहून येताना बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो. खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे मागे पळत होते. गुरुजींना वाटले होते, गावातले एखादे लेकरू हे शिक्षण घेईल, तेव्हा पुस्तक हाताशी असावे. पण तसे लेकरू लवकर निघाले नाही. मी रहस्यकथांच्या गठ्ठ्याखाली दबून राहिलो. कोणी तरी मला खिडकीच्या फटीत खोचले, कारण वाऱ्याने झडप आपटत होती. पावसाने माझे मागचे कव्हर फुगले. मला लिहिणाऱ्या बाईंना हे दिसले असते तर काय वाटले असते, हाच विचार मी करत असे.

मग १९८५ चा उन्हाळा आला आणि त्याबरोबर उर्मिला आली.

उर्मिला ही कापड दुकानवाल्या देवीदासभाऊंची मुलगी. ती नुकतीच बी. ए. झाली होती आणि नागपूरच्या समाजकार्याच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. वडिलांना ते फारसे पटले नव्हते. "लोकांचं भलं करायला कॉलेज कशाला लागते?" असे ते येणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारत, पण विचारताना त्यांची छाती फुगलेली असे. कॉलेजने वर्ग सुरू होण्याआधी थोडे वाचून यायला सांगितले होते. उर्मिलेने गुरुजींना विचारले, आणि गुरुजींनी मला खिडकीतून ओढून काढले, धूळ झटकली व म्हणाले, "शिक्षण होईस्तोवर तुझ्याजवळच ठेव."

मित्रांनो, त्या दिवशीचा आनंद मी कसा सांगू! उर्मिलेने मला खाकी कागदाचे कव्हर घातले आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीत ठेवले. तिने मला दोनदा वाचले. जिथे पटले तिथे पेन्सिलीने रेघ मारली. माझ्यात एक वाक्य आहे : 'माणूस तुमच्यापाशी जे बोलतो ते त्याचेच असते, तुमच्याकडे ते फक्त ठेवायला दिलेले असते.' त्या वाक्याखाली तिने इतकी ठळक रेघ ओढली की मागच्या पानावर तिचा वळ उमटला. ते वाक्य तिला तोंडपाठ होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले ते न वाचल्यामुळे झाले नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बाईंनी काही तरी करून पाहायला सांगितले होते. एका ठिकाणी लिहिले होते की, ज्याच्याशी आजवर कधी बोलला नाहीत अशा माणसाजवळ जाऊन बसा, प्रश्न विचारू नका, ऐका. उर्मिलेने वत्सलाबाईची निवड केली.

वत्सलाबाई बसस्टँडच्या कोपऱ्यावर भजे तळायची. छिंदवाड्याची किंवा नागपूरची बस लागली की तिच्या कढईभोवती गर्दी व्हायची. तिचा नवरा हिरामण फळबाजारात संत्र्याच्या पेट्या उचलायचा. उन्हाळ्यात तिथे काम कमी, तेव्हा घर चालायचे ते कढईवर. उर्मिला पहिल्या दिवशी जाऊन बाकावर बसली, तेव्हा वत्सलाबाईने तिच्याकडे नवलाने पाहिले.

"काय वं, देवीदासभाऊची पोरगी ना तू? इतक्या उन्हात काहाले बसली? घरी पंखा नाई का?"

"पंखा आहे. बोलायला कोणी नाही."

"मंग बस. पन तेलापासून दूर बस."

त्यानंतर उर्मिला रोज दुपारी जाऊ लागली. वत्सलाबाई बोलायची मोकळी. बेसनात ओवा किती घालावा, कोणता ड्रायव्हर उधार खातो, मोहगावला तिचे माहेर कसे होते, सगळे सांगायची. उर्मिला खरोखर ऐकायची. पिशवीत बसून मीही ऐकायचो आणि मला लिहिणाऱ्या बाईंना मनात म्हणायचो, तुमचे पुस्तक कामी आले.

एका दुपारी उकळत्या तेलाचा थेंब उडाला आणि वत्सलाबाईच्या दंडावर पडला. चामडी लाल झाली, पण ती तशीच झारा फिरवत राहिली. उर्मिला दचकून उठली. "वत्सलाबाई, भाजलं ना!"

वत्सलाबाईने पटकन पदर दंडावर ओढला. बस निघून गेली, बाकावर दुसरे कोणी उरले नाही, तेव्हा तिने हळूच सांगितले. "तिथं मले समजतच नाई. चट्टा आहे. नागपूरच्या डाक्टरनं महारोग सांगतला. म्हने, गोळ्या खाल्ल्या का बरा होते, अन् तुमच्यापासून कोनाले लागत नाई, बिनधास्त काम करा. मी बहिनीकडे जातो म्हनून जातो अन् गोळ्या आनतो. आमच्या यायलेही नाई सांगतलं अजून. हिंमतच नाई होऊन राहिली." मग तिने उर्मिलेचा हात धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "तुले सांगतलं. कोनाले सांगू नोको वं."

उर्मिलेने तो मागे गेलेला हात स्वतःहून धरला. "नाही सांगणार," ती म्हणाली. आणि मित्रांनो, तेव्हा ती अगदी मनापासून म्हणाली होती.

जूनच्या अखेरीस गावातल्या एका मंडळाने गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. सभागृह भरले होते. शाल, नारळ, फोटो, सगळे झाले. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या गावातून समाजकार्य शिकायला जाणारी ही पहिली मुलगी. तिनं दोन शब्द बोलावे." उर्मिलेने मला हातात धरले आणि ती माईकपुढे गेली. तिने सेवेवर, त्यागावर काही वाक्ये तयार केली होती. ती बोलू लागली आणि लोक आपसात बोलू लागले. मागच्या रांगेत कोणी तरी जांभई दिली. पंख्याखालच्या खुर्चीवरून कोणी हसले. तिची बोटे माझ्या कव्हरवर घट्ट झाली, आणि ती एकदम म्हणाली, "आपल्याच गावातली एक गोष्ट सांगते."

सभागृह शांत झाले.

आपल्या गावात एक माऊली आहे, ती म्हणाली. रोज कढईपुढे उभी राहते. तिला महारोग आहे, पण ती घाबरून हे घरीसुद्धा सांगू शकत नाही, बहिणीचे नाव सांगून चोरासारखी औषधाला जाते. उकळते तेल अंगावर पडते आणि तिला कळत नाही. हा आजार तिच्यापासून कोणाला होत नाही. मग तिला लपावे का लागते? लाज तिला वाटायला हवी की आपल्याला?

पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसू लागल्या. टाळ्या थांबेनात. उर्मिलेने नाव घेतले नव्हते, आणि नाव घेतले नाही एवढेच तिला पुरेसे वाटले. ती जागेवर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. रेघ मारलेले ते पान मात्र माझ्या पोटात होते. मी हातातून निसटून पडायला हवे होते, मोठा आवाज करायला हवा होता. पण पुस्तक उघडल्याशिवाय बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवीदासभाऊ दुकानातून मधेच घरी आले. "काय बोलून आलीस तू काल? अख्खा बाजार तेच बोलून राहिला. ती बसस्टँडवरची भजेवालीच ना?"

"मी नाव नाही घेतलं, बाबा."

"कढईपुढे उभ्या राहणाऱ्या बाया किती आहेत या गावात?"

उर्मिलेने पिशवी उचलली आणि ती धावतच निघाली.

नागपूरची बस लागलेली होती. माणसे उतरली होती, चहा पीत होती, आणि वत्सलाबाईच्या कोपऱ्याला वळसा घालून जात होती. बेसन भिजवलेले होते. तेल तापून तापून धूर सोडत होते. वत्सलाबाई झारा घेऊन उभी होती. तिने उर्मिलेला पाहिले, पण ओरडली नाही.

"सकाळपासून एक घाना नाई निंगाला," ती म्हणाली.

उर्मिला तिथेच रडू लागली. वत्सलाबाईने इकडेतिकडे पाहिले. "इथं रडू नोको. लोक पाहून राहिले."

एवढ्यात हिरामण आला. तो फळबाजारातून भर दुपारी कधी येत नसे. त्याने उर्मिलेला विचारले, "तुले माहीत होतं?"

"हो."

"माह्या बायकोचं दुखनं तुले माहीत. मंग अख्ख्या सभेले माहीत. अन् मले आज हमालाईनं सांगतलं, पेटी उचलता उचलता. म्हने, आता तू वेगळा बसून भाकर खा."

तो आवाज चढवून बोलला नाही. चढवला असता तर उर्मिलेला बरे वाटले असते. त्याने शेगडी विझवली, कढई खाली उतरवली आणि वत्सलाबाईच्या हातातला झारा काढून घेतला. मग दोघे सामान घेऊन घराकडे निघाले. तो तिला सोडून गेला नाही, हे आधीच सांगतो. पण त्या दिवशी तो तिच्या दोन पावले पुढे चालत होता, आणि ती मागून खाली पाहत जात होती.

उर्मिलेने चूक सुधारायचा प्रयत्न केला. मित्रांनो, तोही मला सांगायला हवा. दोन दिवसांनी वत्सलाबाईने पुन्हा शेगडी पेटवली, तेव्हा ती रोज बाकावर बसून सगळ्यांच्या देखत वत्सलाबाईच्या हातचे भजे खाऊ लागली. भोवती घोळका जमू लागला. तिला वाटले, लोकांची भीती जात चालली आहे. एके दिवशी वत्सलाबाईने तिच्यापुढून द्रोण उचलला.

"तू खाऊन राहिली ते पाहाले लोक येऊन राहिले वं. भजे घ्याले नाई. मी काय सर्कस आहो का?"

मग उर्मिला श्रीधर गुरुजींकडे गेली. मंडळाने पुन्हा सभा घ्यावी, डॉक्टरांना बोलवावे, हा आजार असा लागत नाही हे लोकांना समजवावे, असे दोघांनी ठरवले. हे सांगायला उर्मिला वत्सलाबाईच्या घरी गेली. वत्सलाबाई दारातच उभी राहिली.

"अजून एक सभा? पुन्हा माह्यावरच?"

उर्मिला परत फिरली. घरी येऊन तिने मला उघडले, ते रेघ मारलेले पान काढले आणि खोडरबराने ती रेघ घासू लागली. रेघ गेली, पण कागदही विरला. मग तिने तळहाताने माझे पान झाकले. तिचा तो हात गरम होता. वाचलेले आणि वागलेले यांत केवढे अंतर असते ते तिला कळत होते. आणि मलाही कळत होते. इतकी वर्षे मला वाटायचे की मला वाचले म्हणजे झाले.

कोपऱ्याच्या जागेच्या मालकाने वत्सलाबाईला जागा सोडायला सांगितली. पांढुर्ण्याला हिरामणचा एक चुलतभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तिथे दोघांना काम मिळेल असा निरोप आला. निघायच्या दिवशी उर्मिला बसजवळ गेली. जवळ जायचा धीर झाला नाही, ती टपरीच्या आडोशाला थांबली. हिरामण टपावर बोचके चढवत होता. वत्सलाबाईनेच तिला पाहिले आणि ती तिच्याकडे चालत आली.

"मी काय करू, वत्सलाबाई?" उर्मिलेने विचारले. "तुम्ही सांगाल ते करते."

"तू नागपूरले जाऊन राहिली ना शिकाले? दवाखान्यात लाइन लय मोठी राहते. पांढुर्ण्याची गाडी पोहोचेस्तोवर चिठ्ठ्या सरून जातात. तू सकाळी लाइनीत उभी राय. मी आली का बाजूले हो. बस, एवढं. पन मले हाक मारू नोको. वयख दाखवू नोको. पांढुर्ण्यात दीर सोडला तं आमाले कोनी वयखत नाई, तसंच राहू दे."

उर्मिलेने मान हलवली. या वेळी तिने तोंडाने वचन दिले नाही.

जुलैत कॉलेज सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात सरांनी सगळ्या नव्या विद्यार्थ्यांना उभे केले. इथे येण्याआधी ज्याच्या दुःखाने तुम्ही हललात अशा एका माणसाविषयी सांगा, ते म्हणाले. मुले एकामागून एक सांगू लागली. कोणी मोलकरणीची गोष्ट सांगितली, कोणी शेजारच्या विधवेची, अगदी नावागावासकट. उर्मिलेची पाळी आली. मी तिच्या बाकावर होतो.

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, सर."

"समाजकार्य शिकायला आलीस आणि आजवर एका माणसाशीही बोलली नाहीस?"

वर्ग हसला. उर्मिला खाली मान घालून बसली. लाजेने तिचे कान लाल झाले होते. त्या हसण्यात मी मात्र पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

दर महिन्याला गोळ्यांच्या ठरलेल्या दिवशी ती उजाडताच दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहायची. पिशवीत मी असायचो. रोगी तिच्याकडे पाहून सरकून उभे राहायचे. एवढ्या चांगल्या घरची पोरगी, हिला काय झाले, असे कुजबुजायचे. एकदा कॉलेजातल्या एका मुलीने तिला तिथे पाहिले आणि वसतिगृहात तिची चर्चा झाली. उर्मिला कोणाला काही बोलली नाही. गाडी आली की वत्सलाबाई यायची, उर्मिला रांगेतून बाजूला व्हायची, वत्सलाबाई तिच्या जागी उभी राहायची. दोघी एकमेकींकडे पाहत नसत. कित्येक महिने हे असेच चालले.

दिवाळीत ती सौंसरला गेली तेव्हा देवीदासभाऊंनी विचारले, "ती भजेवाली कुठं गेली गं? तुला ठाऊक असेल."

"नाही, बाबा. मला नाही माहीत."

असेच दुसरे वर्षही सरत आले. एके दिवशी डॉक्टरांनी वत्सलाबाईच्या गोळ्या बंद केल्या. दंडावरचा चट्टा फिकट झाला होता आणि आजार बरा झाला होता. त्या दिवशी ती बाहेर आली आणि सरळ उर्मिलेजवळ येऊन बाकावर बसली. उघडपणे, सगळ्यांसमोर.

"झालं," ती म्हणाली. "आता नोको येऊ." मग तिने डब्यातली अर्धी भाकर मोडून उर्मिलेपुढे धरली. दोघींनी ती खाल्ली. उर्मिलेने तिला भजे पुन्हा तळाल का, असे विचारले. वत्सलाबाईने मान हलवली. "नाई वं. कढई विकली. अन् आता जीवच नाई लागत त्यात."

आजार गेला, पण कढई परत आली नाही. बरे होण्याचा आनंद आणि ही लाज एकाच बाकावर बसली होती.

थोड्या वेळाने उर्मिलेने धीर करून विचारले, "वत्सलाबाई, माझ्यानंतर नवी मुलं येतील शिकायला. माझ्याकडून काय झालं ते त्यांना सांगू का? तुम्ही नाही म्हटलं तर कधीच सांगणार नाही."

वत्सलाबाईने डब्याचे झाकण लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले.

"सांग," ती म्हणाली. "पन नाव बदल. मी काय विकत होती तेही बदल. अन् मी रडली असं नोको सांगू. सांगनाऱ्यायले बाईले रडवाले लय आवडते. मी नाई रडली."

शिक्षण संपल्यावर उर्मिलेने मला वाचनालयात परत दिले. गुरुजींनी माझे विरलेले पान पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि काहीही न विचारता मला कपाटात ठेवले. आता अधूनमधून कोणी नवे लेकरू मला घरी नेते.

मित्रांनो, म्हणून माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. मला जपा, असे ते नाही. माझी पाने दुमडली, कव्हर गेले, तरी चालेल. पण तुमच्या विश्वासावर कोणी मन उघडले, तर त्याची गोष्ट चारचौघांत नेण्याआधी त्याच्याकडे जा आणि विचारा. तो नको म्हणाला तर गप्प बसा. टाळ्या हुकल्या तर हुकू द्या. माझी सगळी प्रकरणे विसरलात तरी हे करता येईल.

आणि ही हकिकत तुम्ही पुढे कोणाला सांगितलीत, तर तिची अट पाळा. तिचे नाव वत्सला नाही. ती जे विकायची ते भजे नव्हते. त्या दिवशी बसस्टँडवर रडली ती उर्मिला. ती बाई रडली नव्हती.